खोका उघडून दाखव

तोमे गावात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
खिळे, कुलपं, दोरखंड विकणाऱ्या दुकानात
मी ओळीने मांडले होते छोटे स्टोव्ह.
खोक्यांवरचं सगळं मला पाठ:
इतके ग्रॅम, इतक्या मिनिटांत उकळी.

शनिवारी दोन्या एदुविना आली.
चष्मा दोरीला, हातात पाठपिशवी.
"हिच्यात मावेल तोच दे."
आत टॉर्च, रक्तदाबाच्या गोळ्या,
प्लास्टिकमध्ये घराचे कागद,
आणि चहाचा एक डबा, जो मी नुसता सरकवला
तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

गॅसचा दाखवला. म्हटलं, थंडीत जरा मरगळतो,
डबी आधी कोटात धरून ऊब द्यावी लागते.
"म्हणजे मी कोंबडी, ते अंडं. पुढचा."

स्पिरिटचा. ज्योत उन्हात दिसत नाही.
"न दिसणाऱ्या विस्तवापाशी पोरं बसवू?"

मग पत्र्याचा, घडीचा, पत्त्यांच्या कॅटाएवढा.
यात वड्या जाळायच्या. भांडं काळं होतं,
आणि खरं सांगायचं तर मासळीसारखा वास येतो.
ती हसली. "इथं कुणाला कळणार?"
मग म्हणाली, "खोका उघडून दाखव."

उघडायचा नसतो. गल्ल्यावरून मालक बघत होते, दोन आउस्बेर्तो,
पण काही बोलले नाहीत.
तिनं डोळे मिटले, पाय चाचपले, उघडले,
बोटं हलत होती. "वयानं नाही," ती म्हणाली,
"त्या रात्री टेकडीवर अकरा काड्या मोडल्या मी.
बारावी ओली होती."

त्या रात्री मी चार वर्षांचा.
मला आठवतं फक्त
कुणाच्या तरी खांद्याचं हाड, गालाखाली.

तिनं पैसे मोजले. वर तीन काडेपेट्या घेतल्या,
तीन वेगळ्या खिशांत घातल्या.
"आज चढावर पेटवून बघते, वाऱ्यात.
उकळलं नाही तर सोमवारी परत आणीन."

सोमवारी आली नाही.
तिच्या गल्लीतला एक पोरगा आला, तसलाच मागायला.

दुकान बंद झाल्यावर मी एक खोका फाडला,
मागच्या अंगणात, दिवा मालवून बसलो.
खोक्यावर काय छापलंय ते दिसत नव्हतं.
वारा फार नव्हता.
चौथी काडी लागली.
आणि माझे हात तर शांत होते.