रात्रपाळी, हेळवाक

केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ढोल,
ढोलावर कागद, कागदावर सुई.
खिडकीत केराप्पाची गारगोटी,
बोगद्यात सुरुंग लावताना सापडलेली,
बाहेरून काळी, आत कापूर फुटल्यासारखी.

रात्री दीडला मी कागद बदलते.
शाई भरते, वेळ लिहिते, सही करते.
ती सही कुणी वाचत नाही.
केराप्पा चहा ठेवतो आणि विचारतो,
'हललं का काय आज?'
टपाल आलं का विचारावं
तशा आवाजात.

त्या रात्री चंद्र शिवसागरावर थांबलेला.
म्हणाला, 'बाई, ससा लई ठळक दिसतोय.'
ससा कसला रे, म्हटलं, दगड आहे तो.
आपलाच. काळा कातळ.
कुंभार्लीच्या घाटात रस्त्याने कापलाय ना,
भाकरींची चवड ठेवावी तसा थरावर थर,
त्याच जातीचा.
कधीकाळी तिथली जमीन उलली,
आतून रस आला,
खोलगट मिळेल तिथे पसरला आणि बसला.
सशाचे कान म्हणजे थिजलेला रस.

तो मान वर करून उभा राहिला, चहा उतू जाईपर्यंत.
'म्हंजे आमच्या जात्याचा भाऊच की.
टाकी बी लावलीय कुणी, किती ती भोकं.'

थोरला भाऊ, म्हटलं.
आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांचा,
त्याचा तीनशे कोटींच्याही पलीकडचा.
'मग आता इझला आसंल.'
जवळजवळ.
निवतोय, आणि निवता निवता आकसतोय.
वाळल्या बोरासारख्या सुरकुत्या पडल्यात अंगावर.
मधूनच हलतोसुद्धा.
'त्यो बी?'
तो बी.

मग मी त्याला सांगितलं
की माणसं तिथं यंत्रं ठेवून आली होती,
थेट आपल्यासारखी, कान लावून बसलेली.
सात-आठ वर्षं ऐकलं.
सत्त्याहत्तरला बंद केली, खर्च परवडेना.
सहा वर्षं झाली,
चंद्र हलतो आणि
तिथे कुणी कागद बदलत नाही.
केराप्पा एवढंच म्हणाला,
'म्हंजे रातपाळीच काढून घेतली.'

दोन चाळीसला सुई उठली.
आधी कपाटाची काच बोलली,
मग बशीतला चहा, मग पायाखाली
कुणी जड ट्रंक ओढल्यासारखं.
खालच्या वाडीत एक कुत्रं भुंकलं,
माणसांनी कुशी बदलल्या असतील.
मी मोजत होते. एकवीस सेकंद.
सुई पुन्हा आपल्या रेघेवर.

'तिथं किती येळ चालतं?'
एकेकदा तासभर.
'तासभर?'
पाणी नाही ना तिथे, म्हटलं.
आपल्या खडकाच्या फटीफटीत ओल असते,
हादरा त्यात जिरून जातो.
(इथला हादरा उठवतंही पाणीच, असं साहेब म्हणतात,
धरण भरलं की.
ते मी बोलले नाही.)
तिथला कातळ ठणठणीत कोरडा.
धक्का आत शिरला की त्याला बाहेरची वाट सापडत नाही,
नुसता आपटत फिरतो.
त्या दगडातही भोकं असतात, आपल्यासारखीच,
पण गारगोटी धरत नाही त्यांत.
पाण्याशिवाय कशी धरेल. रिकामीच राहतात.

केराप्पाने कपबशा विसळल्या.
विसळलेल्या पुन्हा विसळल्या.
सदुसष्टच्या पहाटे ह्याने
भिंतीखालून धाकट्या बहिणीला काढलं, ठकूला,
हातात अजून तिच्या पोराचं झबलं.
रडला नाही, असं वाडीतले सांगतात.
त्या दिवशीही नाही, दहाव्यालाही नाही.
दुसऱ्याच महिन्यात इथे येऊन म्हणाला,
काही काम असलं तर बघा, रातीचं चालंल.

तो खिडकीशी गेला.
गारगोटी उचलून तळव्यावर धरली,
फुटकी बाजू चंद्राकडे.

'बाई,' म्हणाला,
'तासभर म्हंजे कायच न्हाय.'

मी कागदावर लिहिलं:
दोन चाळीस. एकवीस सेकंद. सौम्य.
खाली सही केली.