सातही डावे

रात्रभर मी कायानीचे रस्ते मोकळे करतो.
बेचाळीस किलोमीटर बर्फ, एकट्याने,
फाळ खाली टाकून, दोन थर्मास कॉफीवर.
सकाळी सहाला घरी येतो
आणि तूरेच्या उजव्या पायाशी अडकतो.

पाय आत जात नाही. म्हणजे जातो,
पण ज्या नळीत डावा आधीच बसलाय
तिच्यातच, सोबतीला.
अडीच वर्षांचं पोर. अंगात लोकर, लोकरीवर लोकर,
त्यावर फुगीर अखंड पोशाख, चेन हनुवटीपर्यंत.
उभा केला की उभा,
कलंडला की उलथ्या कासवासारखा
छताशी गप्पा मारत पडून.
"बाबा," तो म्हणतो, मी शेवटचं बटण लावल्यावर.
पुढचं वाक्य तुम्हाला ठाऊक आहे.
थंडीच्या सगळ्या मुलखांत ते एकच आहे,
आणि शेवटच्या बटणाआधी ते कुणालाच आठवत नाही.

डिसेंबरात इथे दहाला उजाडतं, दोननंतर मावळायला लागतं.
"आता झोपायचं की उठायचं?" इंकेरी विचारते.
मीही घड्याळाकडे बघतो:
नऊ वाजलेत, पण कुठले,
ते घड्याळ सांगत नाही.

पाळणाघरात तिने सगळ्यांना सांगितलंय,
"माझे बाबा रात्री लोकांच्या दारात बर्फ नेऊन टाकतात."
बाईंनी फोन करून खातरजमा केली.
शेजारच्या हिल्काबाईंचंही
गेली अकरा वर्षं हेच मत आहे.

मागच्या आठवड्यात इंकेरीने
छपराचा एक हिमसुळका घरी आणला.
नाव ठेवलं उर्पो.
फ्रीजरमध्ये वाटाणे आणि मासे यांच्यामध्ये त्याला जागा दिली,
खाली टॉवेल. रोज रात्री दार उघडून शुभरात्री.
वीजबिलाबद्दल मी काही बोललो नाही.
गुरुवारी तूरेने उर्पोला डोक्याकडून चोखायला घेतलं
आणि आम्हाला कळेपर्यंत
कमरेपर्यंत पोचला होता.

ते रडणं मी सांगणार नाही.
एवढंच सांगतो, की त्या रात्री उणे सत्तावीसात
नगरपालिकेचं यंत्र रस्त्याकडेला उभं होतं, दिवे लुकलुकत,
आणि त्याचा चालक ग्रंथालयाच्या वळचणीखाली
टेप घेऊन सुळके मोजत होता.
सकाळी इंकेरीने दार उघडलं. बराच वेळ पाहिलं.
"हा उर्पो नाही," म्हणाली.
मग टॉवेल नीट केला. "पण राहू दे.
लांबून आलाय, दमला असेल."

आता हातमोज्यांबद्दल.
आमच्या घरात सात आहेत. सातही डावे.
उजवे कुठे जातात, कुणालाच माहीत नाही.
साइमीला वाटतं, ते पळून जाऊन
कुठेतरी एकत्र राहतात, सुखात.
इंकेरी डावा मोजा उजव्या हातात घालते,
अंगठा भलत्याच बाजूला, रिकामा, लोंबता.
"हा माझा सुटीवर गेलेला अंगठा," असं हिल्काबाईंना सांगते.

इथली माणसं सापडलेला हातमोजा
कुंपणाच्या खांबावर उलटा घालून ठेवतात.
रात्री माझ्या दिव्यांच्या झोतात
सगळं गाव हात वर करून उभं असतं,
निळे, करडे, एक पट्ट्यापट्ट्यांचा,
जणू वर्गात कुणीतरी अवघड प्रश्न विचारलाय
आणि उत्तर सगळ्यांना येतंय, मी सोडून.

काल तीनच्या सुमारास, पुलाच्या अलीकडे,
एक लाल दिसला. इवलासा.
अंगठ्यावर साइमीनेच घातलेलं हिरवं ठिगळ.
मी ब्रेक मारला, गुडघाभर बर्फात उतरलो,
लाकडासारखा कडक झालेला तो मोजा
हीटरच्या जाळीवर ठेवला.
नदीपाशी तो जरा सैलावला.
शाळेच्या वळणावर त्यातून पाणी टपकायला लागलं.
घराच्या दारात यंत्र थांबवलं,
आतला दिवा लावला,
बोटांवर हिशेब केला, दोनदा.

डावा.