विसर्ग

मार्केट यार्डातल्या पतसंस्थेत, दुसऱ्या मजल्यावर
(पुरानंतर सर्व्हर जिना चढला, तो उतरलाच नाही)
मी रात्री एकटी अपडेट लावत बसते.
कीबोर्डच्या फटींत हळद आहे.
ती कशानंही जात नाही.

पूर्वी सोपं होतं.
वर कंपनी मोठी आवृत्ती काढायची,
पैसे भरणाऱ्यांना दहा वर्षं सांभाळू म्हणायची,
आणि खाली काही लोक, बिनपगारी,
तोच कोड पुन्हा बांधून, शिक्का खरवडून
आमच्यापर्यंत सोडायचे.
महिना-दीड महिना उशिरा. पण तेच पाणी.
कोयनेचा विसर्ग आयर्विन पुलाखाली यावा तसं,
आकडा आधी कळायचा, पाणी मागून.

चेअरमन मगदूमअण्णा म्हणायचे,
हरिपूरच्या पेवात हळद टाकली की विसरायची,
तसंच ना तुझं ते लिनक्स?
मी म्हणायचे, हो अण्णा, पेवच.
पेवांत एकदा पाणी शिरलं होतं,
हे दोघंही बोललो नाही.

मग एका डिसेंबरात निवेदन आलं.
खालचं गाव आता वरचं गाव.
आधी तुम्हाला मिळेल, मग कंपनी ते गाळून
आपल्या पक्क्या आवृत्तीत घेईल.
दहा वर्षांच्या शब्दातलं
एक वर्ष उरलं.

अण्णा म्हणाले, म्हणजे आमटी आपण चाखायची
आणि जेवायचं त्यांनी?
मला उत्तर सुचलं नाही.
पुन्हा बांधणारे नवे लोक उभे राहिले होतेच,
रागारागानं सगळं तिकडं हलवलं.
एक यंत्र तेवढं, का कुणास ठाऊक,
वरच्या गावात ठेवलं.

त्यावर मार्चमध्ये, सौद्यांच्या ऐन गर्दीत,
प्रिंटर दर चाळिसाव्या पावतीला अडायला लागला.
चार रात्री गेल्या. एक ओळ सापडली, चुकीची.
कळवलं. कुणा अनोळखी माणसानं विचारलं,
चाळिसावीच का?
मी पावतीचा फोटो पाठवला,
कोपऱ्यात माझं पिवळं बोट आलं होतं.
ओळ बदलली.

सहा महिन्यांनी मोठ्या बँकेतल्या आस्मा नदाफचा फोन,
आमच्या नव्या आवृत्तीत प्रिंटरचं काहीतरी सुधारलंय गं,
कंपनीच्या यादीत आहे, अठराव्या पानावर.
भरलेल्या पैशाचं चीज होतं बघ.
मी हो म्हणाले.

अण्णांना सांगायचं राहूनच जातंय.
आता दोन वाजलेत. यंत्र उठतंय,
पडद्यावर ओळी भराभर वर सरकतायत
आणि खाली, अजून काहीच न लिहिलेल्या जागी,
कर्सर.