उजवीकडून डावीकडे

डाडांची वही मी आधी चुकीच्या बाजूनं उघडली.
कोरं पान. पुन्हा कोरं.
म्हटलं, काही लिहिलंच नाही की काय या माणसानं.
आई म्हणाली, अगं, उलटी धर,
त्यांची सुरुवात आपल्या शेवटाकडून होते.

कोपरी कॉलनीत, गिरणीच्या शेजारी,
नऊ बाय सहाचं मेंघराज बटन स्टोअर्स.
गिऱ्हाइकांनी कितीदा सांगून पाहिलं,
पाटीवरच्या ‘बटन’चं ‘बटण’ काही झालं नाही.
गिऱ्हाईक म्हणजे बायकाच.
कर्णिकबाईंच्या शिवणवर्गातल्या,
चेंदणीच्या कोळणी, पोलक्याचे हुक घ्यायला आलेल्या.
मराठी ते त्यांच्याकडून शिकले
आणि जन्मभर बाईसारखं बोलले.
‘मी काय म्हणते ताई, हा मोतिया बघा,’
सहा फुटी, मिशीवाला माणूस.
आम्ही फिदीफिदी हसायचो.
बाबा एकदा दुरुस्त करायला गेले,
तर म्हणाले, असू दे,
माल जिथून उचलला, तिथलंच माप.

चौदाव्या वर्षी कराचीहून बोटीनं आले.
बंद घराची किल्ली वगैरे काही आणली नव्हती.
लोकांना ती गोष्ट आवडते, आमच्याकडे ती नाही.
आमच्याकडे चाळणी आहे, पिठाची,
निघताना त्यांच्या आईच्या हाताला लागली ती.
अजून वापरात आहे. कडेला एकदा डाग दिला.

रोहडीबद्दल विचारलं तर विषय बटणांवर जायचा.
एकदाच, मीठबंदरावर भरती बघत उभे होतो,
मी म्हटलं, तुमची नदी एवढी होती?
त्यांनी खाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
‘ही? ही तिची नात.’

वही वाचता येणारं घरात कुणी उरलं नव्हतं.
दुसऱ्या बरॅकीत वासूमल मास्तर आहेत, ब्याण्णव वर्षांचे,
त्यांच्याकडे गेलो. आई, बाबा, मी.
वाटलं होतं, छावणी असेल, बोट असेल,
आम्हाला कधी न सांगितलेलं काहीतरी.
मास्तर भिंग धरून वाचू लागले:

हरीचे बूट, अकरा रुपये.
दूध.
ईश्वरीच्या चष्म्याची काच, पुन्हा.
धाकट्या भावाची फी, पहिला हप्ता.
दूध.
गिरणीवाल्याला उसने. (पुढे खूण नाही.)
सुनेसाठी मराठी पेपर, महिन्याचा.

आई उठली आणि आत गेली.
बावीस वर्षं तिला वाटत होतं
पेपर दुकानात येतो, उरला की घरी येतो.
मास्तरांच्या घरातलं ‘आत’ तिला ठाऊक नव्हतं,
परक्या डब्यांसमोर उभी राहिली थोडा वेळ.

आणि दर वर्षी श्रावणात, एकदा:
तिचे, पाच रुपये.
पुढे दहा झाले. मग एक्कावन्न.
कुणाचे? बाबांनी विचारलं.
मास्तरांनी पान उजेडाकडे नेलं, परत आणलं.
‘एवढंच आहे. तिचे.’
चहा आला, म्हणून विषय तिथं थांबला.

सिव्हिल हॉस्पिटलात स्ट्रेचर आत नेताना
ते ‘येते हां’ म्हणाले.
नवी नर्स खुदकन हसली.
तिला कसं कळणार. मलाही हसू आलं होतं,
आणि अजून त्या हसण्याचं काय करायचं ते समजत नाही.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
बटणांच्या बरण्या आमच्या माळ्यावर,
हलवल्या की समुद्रावरच्या खड्यांसारख्या वाजतात.

वहीची कोरी बाजू मी घेतली.
डावीकडून लिहिते: गॅस, आईची गोळी,
मुलाची सहल, गिरणी.
ते तिकडून येत होते, मी इकडून निघालेय.
मधे सध्या अठरा पानं आहेत.