पोटखराबा

तहसीलातून पत्र आलं, एका ओळीचं:
गावाची लागवडीलायक जमीन किती लोकसंख्या पोसू शकेल, कळवावे.
मी तलाठी. गाव अजून पटवारीच म्हणतं.
कळवणं हे माझं काम.

चैत्र संपत आलेला. चावडीच्या टिनाखाली
पंखा गरम हवाच ढवळत होता.
जुन्या सातबाऱ्याच्या पाठीवर गणित मांडलं:
एकूण सहाशे बारा हेक्टर,
वजा गावठाण, नाला, पांदण, मसनवटी, अठ्ठावीस,
वजा पोटखराबा, एकशे चार.
उरली चारशे ऐंशी, काळी,
नखात गेली तर दोन दिवस न निघणारी.
सगळीकडे ज्वारी धरली.
हेक्टरी दहा क्विंटल, माणशी वर्षाला दोन.
चोवीसशे.
गावात आहेत नऊशे एक्केचाळीस.
म्हणजे पंगतीला अजून दीडेक हजार पत्रावळी मांडता येतील.
मला उगाच यजमान झाल्यासारखं वाटलं.

लटारी कोतवाल माठातलं पाणी प्यायला आला.
कागदाकडे पाहून म्हणाला,
"जवारी पेरते कोन आता, साहेब?
डुकरं ठेवत नाईत, पाखरं ठेवत नाईत.
नऊ हेक्टर असन, तेबी कडब्यापायी."
बाकी कापूस, सोयाबीन:
ट्रकात बसून जातं, किराणा होऊन परत येतं.
नऊ. म्हणजे पंचेचाळीस माणसं.
तीच माती, तोच पेन.

उन्हं कलल्यावर पोटखराबा बघायला गेलो.
हा शब्द ज्यानं केला
तो जेवून उठलेला असणार.
मुरमाड चढ, पळसाची खोडं,
जंगूबाई सुरपामच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली.
तिघा भावांची घरं, अकरा माणसं, सतरा बकऱ्या.
"इथं काय पिकतं?"
"पिकत नाई. भेटते."
तिनं ओंजळभर टेंभरं पुढं केली.
गोड, मागून तुरट, जीभ जरा वेळ बधिर.
"आमी कोन्त्या रकान्यात, साहेब?"
मी बिया थुंकत राहिलो.

चोवीसशेच लिहिलं. आकडा मागितला होता.
पोटखराब्यापुढे शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहावं म्हणून
हात टेकला,
तर टेंभराचा पिवळा चिकट डाग उठला, अंगठ्याएवढा.
पुसायला गेलो, पसरला.
तसाच पाठवला.