पहिला गिअर

पाटबंधारे खात्याच्या लिलावात
साडेचार हजाराला मिळाली ही येझदी.
सीट नव्हतं. टाकीच्या तोंडात
कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं.
सायलेन्सर तेवढा उंच,
मांडीला लागेल असा वर वळवून वेल्ड केलेला,
कालवा फुटून वाटेवर आला
तरी पाणी हिच्या घशात जाऊ नये म्हणून.

वळवणाऱ्याचं नाव खात्याच्या रजिस्टरात सापडलं:
गिरमाजी ढवळे, कालवा निरीक्षक.
येलदरीपासून खाली बेचाळीस किलोमीटर
चिकट काळ्या मातीचा काठ,
आणि रात्री-अपरात्री दारं उघडणारी माणसं.
बस, एवढंच. पुढं शाई पुसट.

उन्हाळाभर जिंतूरच्या आमच्या अंगणात
ती सुटी होऊन पडली.
लोणच्याच्या बरण्या मी सासूबाईंना न विचारता घेतल्या.
एकीत नट, एकीत वायसर,
एकीत कशाचं काय ते न कळणारं.
पोस्टातून साडेपाचला सुटायची,
चहा घेऊन तिच्यापुढं पाटावर बसायची.
गल्ली म्हणाली, बाईमाणूस असून.
महिन्याभरानं तीच गल्ली म्हणाली,
आमची गिरणी लई खडखड करायली,
जरा बघता का?

टाकीतला गंज चिंचेच्या कोळाला भ्याला नाही.
मग दोन मुठी गिट्टी आत टाकली,
टाकी गोधडीत बांधली
आणि नूर चाऊसच्या काँक्रीट मिक्सरमध्ये
दोन तास फिरवली.
"आज कायका माल है मॅडम?" नूर म्हणाला.
मी म्हणाले, एकोणीसशे ब्याऐंशी.
ओतलं तेव्हा खरंच तेच निघालं,
विटकरी, दाट, थांबता थांबेना.

रिंगा नांदेडला देगलूर नाक्यावर मिळाल्या.
पॅकिंग मिळालं नाही,
ते पुतणीच्या लग्नपत्रिकेतून कापलं.
जाड कागद, चांगला बसला.
चि. कुठं गेला कुणास ठाऊक,
सौ. कां. मधली 'कां' तेवढी
इंजिनच्या बाजूनं अजून वाचता येते.

मागचं चाक उतरवलं तेव्हा
आसावर एक पत्र्याची चकती निघाली,
डालड्याच्या डब्यातून कातरलेली,
ताडाच्या झाडाचा शेंडा अजून हिरवा.
मोजली. हवी होती तेवढीच जाड,
केसभर कमी नाही, जास्त नाही.
कुठल्या चारीवर, कुणाच्या चुलीपुढून
डबा मागून घेतला असेल या माणसानं,
आणि कात्री?
माझ्याकडं नवीन वायसर होता, तेल लावून तयार.
तो बरणीत टाकला.
"कशाचं काय ते न कळणारं" त्या बरणीत.

हिची दांडी एकच.
आत दाबून वर केली की किक,
खाली आणली की गिअर.
आधी उठवायचं आणि मग त्याच पायानं चालवायचं,
हे मला नवीन नव्हतं.

रविवारी पहाटे, लाईट गेलेली,
नऊ दिवसांनी आलेलं नळाचं पाणी
ड्रममध्ये काठोकाठ.
सहा किका कोरड्या.
सातवीनं दांडीच उलटी हाणली पोटरीवर
आणि गाडी बोलायला लागली.
निळा धूर, भिंतीवरून गल्लीची डोकी.
मी पहिला गिअर टाकला,
क्लच सोडला,
आणि येझदी मागं गेली.

मागं! तुळशीला चुकवून, बरण्या घेऊन,
सरळ ड्रममध्ये.

पॉइंटचं टायमिंग चुकलं होतं, इंजिन उलटं फिरत होतं,
दोन स्ट्रोकच्या गाड्यांना ही खोड असते,
हे सगळं मला नंतर आठवलं.
तेव्हा घोट्याएवढ्या पाण्यात उभी होते,
नट-वायसर पायांभोवती वाहत होते,
आणि गाडी बंद पडायचं नाव घेत नव्हती.
तिचा सायलेन्सर कोरडा होता.

सासूबाई तांब्या घेऊन आल्या,
साचलेलं पाणी बादलीत भरू लागल्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"आवाज बरा हाय.
आता तोंड कोणीकडं हाय ते सांग तिला."

मी चावी फिरवली.
चार नंबरचा पाना पाण्यात चाचपडून शोधला
आणि प्लेट सरकवली,
सुताभरही नसेल.