पाच चाळीसची टॅक्सी

अजूनही पाचला जाग येते.
गजर केव्हाच बंद केला, अंगानं केला नाही.
अंधारात मोजे चाचपते, मग आठवतं,
कुठं जायचं नाही.

पंचवीस सकाळी एन्सिओची टॅक्सी
फाटकाशी येऊन दिवे बारीक करायची.
पुदासयार्वी ते ओउलू, नव्वद किलोमीटर बर्फ,
आणि आत आम्ही तिघं.
पुढं हिल्का, मांडीवर विणकाम,
सव्वा महिन्यात एकच हातमोजा, तोही अंगठ्याशिवाय.
माझ्या शेजारी ताइस्तो. घसा जळालेला,
म्हणून पेट्रोलच्या पावतीमागं लिहून दाखवायचा:
उजवीकडं बघ. कोल्हा.
मी बघेपर्यंत कोल्हा गेलेला असायचा.
पण बघ म्हणणारं कुणीतरी होतं.

दुखण्याबद्दल फारसं बोललो नाही.
इकडं माणसं फारसं बोलतच नाहीत.
रेनडिअर रस्त्यात ठाण मांडून बसले
की एन्सिओ इंजिन बंद करायचा,
आणि आम्ही चौघं एकाच काचेतून
त्यांची ढुंगणं बघत राहायचो.
कुणालाच घाई नसायची.

पंचविसाव्या दिवशी यंत्राची घरघर थांबली.
नर्स म्हणाली, झालं.
जत्रा उठल्यावर मैदानात
खांबांचे खड्डे राहतात ना, तसं झालं.

बहीण फोनवर: सुटलीस बाई एकदाची.
शेजारच्या लेम्पीचं भांडं यायचं, माशाच्या रश्श्याचं.
धुऊन परत दिलं, ते पुन्हा आलं नाही.
तिचं काही चुकलं नाही.
बऱ्या झालेल्या माणसाला कोण रस्सा आणून देतं?
दुकानात म्हणतात, छान दिसतेस, आउने.
मी हो म्हणते आणि अर्धा पाव घेते.
अख्खा वाळून जातो.

मला त्या मागच्या सीटची आठवण येते,
हे कुणाला सांगू?
म्हणतील, सुख बोचतंय हिला.

हिल्काला दोनदा फोन केला.
दोन्ही वेळा हवामानावर बोललो,
आणि बोलून झाल्यावर
थोडा वेळ दोघींनीही फोन ठेवला नाही.
ताइस्तोचा नंबर घेतलाच नव्हता.
जो बोलू शकत नाही त्याचा नंबर कशाला,
असं वाटलं होतं तेव्हा.

काल पाच चाळीसला दिवे दिसले.
टॅक्सी माझ्या फाटकावरून पुढं गेली,
वळणावर थांबली. रेनडिअर.
मी गाऊनवरच कोट चढवला,
दारातले नवऱ्याचे बूट घातले
(तो जाऊन नऊ वर्षं झाली, बूट आहेत)
आणि गेले. जाऊन काय करणार होते, ठाऊक नाही.
एन्सिओनं काच खाली केली. थंडी आहे, म्हणाला.
आहे, म्हटलं.
मागं माझ्या जागेवर एक पोरगी, तिशीची असेल,
पर्स पोटाशी घट्ट, जशी कुणी हिसकावणार आहे.
मला दुसरं काही सुचेना.
म्हटलं, त्या दाराच्या फटीतून वारा येतो,
तिथं मफलर कोंबायचा. जरा वर. खांद्यापाशी.
तिनं कोंबला.
आज तिसरा, म्हणाली. मी विचारलं नव्हतं.
रेनडिअर उठले, अंग झाडून, आपल्या वेळेनं.

परत येताना बर्फात माझीच पावलं,
नवऱ्याच्या मापाची.
आज कॉफी जास्त झाली.
ओतून दिली नाही, थर्मासमध्ये भरली.
बावीस उरले तिचे.
उद्या रेनडिअर बसतील की नाही,
त्यांचं त्यांना माहीत.